दिव्यांच्या उजेडातली कबड्डी आणि कॅमेरा

‘प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा’ असा फलक आपण पुष्कळदा वाचला असेल. लालबाग-परळ असो की कोकणातले एखादे गाव, दिवसाची कामे आटोपली की खांबांवरचे दिवे लागतात आणि चढाया सुरू होतात. प्रेक्षकाला मैदान लख्ख दिसते. कुणी हौसेने फोटो काढतो आणि पाहतो तो काय, चढाईपटूच्या जागी धुराचा लोट, भोवती काळोख! कॅमेरा बिघडला असे त्याला वाटते. पण बिघाड कॅमेऱ्यात नसतो. फसवलेले असते ते आपल्याच डोळ्यांनी.

उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आतला पडदाही अधिक संवेदनशील होतो, आणि हे सारे आपल्या नकळत घडते. कॅमेरा मात्र रोखठोक हिशेब मागतो. उजेड मोजण्याचे माप म्हणजे लक्स. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे 1,00,000 लक्स उजेड असतो. लहान मैदानावर साध्या दिव्यांचा उजेड 250 लक्स भरला, तर तो उन्हाच्या चारशेवा हिस्सा झाला!

नळाला पाणी कमी आले की आपण काय करतो? तोटी जास्त वेळ उघडी ठेवतो, ती पूर्ण पिळून मोठी धार धरतो, नाहीतर थोड्या पाण्यात भागवतो. कॅमेऱ्याचेही हेच तीन उपाय.

पहिला उपाय वेळेचा, आणि खेळात तो चालत नाही. चढाईपटू सेकंदाला 5 मीटर वेगाने धावतो असे समजा. शटर एक शतांश सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो 5 सेंटिमीटर सरकतो. चित्र फरफटलेच म्हणायचे. एक पाचशेअंश सेकंदात तो एकच सेंटिमीटर सरकतो. म्हणून 1/500 च्या खाली सहसा उतरू नये.

दुसरा उपाय भिंगाच्या छिद्राचा. इथे आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ 2.8 मधून एफ 5.6 च्या चौपट उजेड आत येतो. लांबचे दाखवणारे मोठे भिंग महाग असते. पण कबड्डीचे मैदान जेमतेम 13 बाय 10 मीटर. रेषेजवळ बसायला मिळाले, तर 50 मिलिमीटरचे, एफ 1.8 चे स्वस्त भिंगही उत्तम काम देते. मात्र छिद्र मोठे केले की मागचे-पुढचे पुसट होते. तेव्हा नेम चढाईपटूच्या चेहऱ्यावरच धरावा.

तिसरा उपाय संवेदनशीलतेचा, म्हणजे आयएसओचा. 250 लक्स उजेड, 1/500 सेकंद आणि एफ 2.8 असा हिशेब मांडला, तर आयएसओ 4000 च्या आसपास लागतो. 1954 साली रोलमध्ये आलेली कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म पुढे 400 ची गणली जाई. छायाचित्रकार ती धुताना ताणून 1600 पर्यंत नेत आणि चित्रावर रवा दिसला तरी चालवून घेत. आजही तेच शहाणपण. रवाळ चेहरा ओळखता येतो, फरफटलेला येत नाही. आयएसओ कमी ठेवून काळे चित्र नंतर उजळायला जाल, तर रवा बहुधा वाढलेलाच दिसेल.

आणखी एक गंमत आहे बरं का! लागोपाठ काढलेल्या चार चित्रांत एक उजळ, एक काळपट, एक पिवळट, असे का होते? आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. तिच्यामुळे मेटल हॅलाइडचे जुने दिवे आणि काही स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. आपल्याला ते जाणवत नाही, पण 1/500 चे शटर त्यातला एकच तुकडा उचलते. नव्या काही कॅमेऱ्यांत ही लुकलुक ओळखून प्रखर क्षणीच शटर उघडण्याची सोय असते, ती चालू करावी. नसेल, तर प्रत्येक प्रसंगाची तीन-चार चित्रे घ्यावीत.

मग फ्लॅश का नको? अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाई होतो. 3 मीटरवर पुरणारा फ्लॅश 12 मीटरवर सोळावा हिस्साच उरतो. आणि जवळून मारला तर? पकड पडण्याच्या क्षणी चढाईपटूचे डोळे दिपले, तर गुण जाईल, कदाचित गुडघाही जाईल. आपल्या चित्रापायी खेळाडूला इजा होता कामा नये.

त्यापेक्षा खेळ ओळखावा. उडीच्या माथ्यावर शरीर क्षणभर थांबल्यासारखे होते. तोच क्षण टिपावा. चढाईपटूचे तोंड बचाव करणाऱ्यांकडे असते, म्हणून त्यांच्या मागच्या अंतिम रेषेबाहेर बसावे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. जागा न हलवता दुसऱ्या संघाच्या चढायाही समोरून मिळतात. सामन्यापूर्वी एक फेरी मारून कोणता कोपरा अंधारा आहे तेही पाहून ठेवावे.

शेवटी, चित्रासोबत खेळाडूचे नाव, संघ आणि तारीख जरूर लिहावी. गावोगावच्या अशा सामन्यांची नोंद सहसा कुठे होत नाही. बाप कसा खेळत होता, हे उद्या मुलाला दाखवायला कदाचित तेवढेच एक चित्र असेल.