मागे ठेवलेली शिल्लक
स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा हा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या हिर्टावरच्या एकुलत्या एका रस्त्यावर मी उभा होतो. ओळीनं दगडी घरं, बरीचशी बिनछपराची. मागे डोंगरभर, माथ्यावर गवत उगवलेली हजाराहून अधिक दगडी कोठारं. त्यांत समुद्रपक्ष्यांचं मांस वाऱ्यावर सुकायचं. जमिनीचा खंडही पिसं आणि लोकरी कापड देऊन भरत.

पण तरुण माणसं निघून गेली, आजारपणं आली. अखेर बेटकऱ्यांनीच सरकारकडे अर्ज केला. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण बोटीत बसले. निघताना घराघरांत उघडं बायबल आणि ओटची छोटीशी रास ठेवली.

बँकेत मी शेकडो खाती बंद केली. शिल्लक मागे ठेवून जाणारं कुणी पाहिलं नव्हतं.