जनावर दगावले तर मदत. दूध आटले तर काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी त्वचारोगाची लागण झालेली जनावरे आढळली आणि पाहता पाहता हा आजार राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. शहरांत दुधाविषयी शंका निघू लागल्या; हा रोग माणसाला होत नाही, असा खुलासा पशुसंवर्धन खात्याला करावा लागला. गोठ्यांतील चिंता मात्र वेगळी होती.

राज्य शासनाने दगावलेल्या जनावरांसाठी अर्थसाह्य जाहीर केले. दुधाळ गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये. हे दर नैसर्गिक आपत्तीतील मदतीच्या तत्कालीन निकषांइतकेच होते. पुढे केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत ते अनुक्रमे ३७ हजार ५००, ३२ हजार आणि २० हजार रुपये झाले.

दुधाळ संकरित गाईची बाजारातील किंमत याहून बरीच अधिक असते. मग रक्कम इतकी कमी का? याचे उत्तर 'मदत' या शब्दात आहे. आपत्ती निधीतून मिळते ती तातडीची मदत. पूर्ण नुकसानभरपाई हा त्या निधीचा हेतूच नाही. संसार पुन्हा उभा करण्यास हातभार लावावा, एवढीच त्यामागची भूमिका.

खरी अडचण पुढेच आहे. लम्पीमध्ये लागण झालेली बहुसंख्य जनावरे वाचतात. परंतु अंगावर गाठी, ताप आणि अशक्तपणा यांमुळे गाय आटते, कधी गाभडते. वाचलेला बैलही अनेक दिवस औताला जुंपता येत नाही. चारा आणि औषधोपचार यांचा खर्च चालूच राहतो. पंचनामा मात्र मृत जनावराचाच होतो. दूध संघाकडून दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या पैशावर ज्यांचे घर चालते, त्यांचे हे नुकसान कोणत्याही रकान्यात बसत नाही.

यावर उपाय अशक्य नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गाईंना 'एच५एन१' बर्ड फ्लूची लागण झाली, तेव्हा तेथील कृषी खात्याने पशुधनासाठीच्या तातडीच्या साह्य योजनेत बदल केला आणि आजारी गाईंच्या घटलेल्या दुधापोटी ९० टक्क्यांपर्यंत भरपाई देऊ केली. आजारी गाय किती दिवस दूध देणार नाही, याचे प्रमाण आधीच ठरवून हिशेब सोपा ठेवला.

आपल्याकडे गावोगावच्या संकलन केंद्रांवर कोणी किती लिटर दूध घातले, याची रोज नोंद होते. पशुवैद्यकाचा दाखला आणि ही नोंद एकत्र केली, तर घटलेल्या दुधाचा अंदाज बांधता येईल. पुढची साथ येण्यापूर्वी निकषांत एवढी सुधारणा झाली, तर जनावर जगवणाऱ्या पशुपालकालाही न्याय मिळेल.