जावई अमेरिकन, व्हिसा सासूबाईंचा

मुलीने अमेरिकन मुलाशी लग्न केलं, तिकडेच संसार थाटला, आणि आता तिच्या आईवडिलांनी दोन महिने येऊन राहावं असं दोघांनाही वाटतंय. अशा वेळी जावयाचा उत्साह बघण्यासारखा असतो. मी अमेरिकेचा नागरिक, कर वेळेवर भरतो, नोकरी चांगली. सासूसासऱ्यांना घरी बोलवायला कुणाची हरकत असणार? तो निमंत्रणपत्र लिहितो, पगाराचे आणि बँकेचे कागद जोडतो, नोटरीचा शिक्का मारून घेतो. हे सगळं कऱ्हाडला पोचतं, जाडजूड फायलीत लागतं आणि मुंबईत मुलाखतीच्या खिडकीपाशी बहुतेकदा ती फाइल कुणी उघडायलाही सांगत नाही.

कारण कायद्यातच आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधलं कलम २१४(बी) असं मानतं, की भेटीचा व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे. तसं नाही हे अधिकाऱ्याला पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे खिडकीपलीकडच्या माणसाच्या मनात मुख्य प्रश्न एकच असतो: या बाई परत का येतील? त्याचं उत्तर जावयाच्या पगारात सापडत नाही, ते सासूबाईंच्या कऱ्हाडमधल्या आयुष्यात असतं. निमंत्रणपत्र किंवा खर्चाचं हमीपत्र आवश्यक नाही आणि निर्णय त्यावर होत नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. पत्र न्यायला बंदी नाही. त्याच्या भरवशावर राहू नये, इतकंच.

जर्मनीत मुलगी असलेले शेजारी इथे वेगळाच सल्ला देतात, आणि त्यांच्यापुरता तो बरोबर असतो. तिथे यजमानाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, कमाई दाखवून रीतसर हमी देता येते. पाहुण्यांचा सरकारवर पडलेला खर्च मग त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. त्या हमीला व्हिसा देताना वजन असतं. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला हा हिशेब लागू नाही.

तर अमेरिकेचा हा भेटीचा व्हिसा, म्हणजे बी-२. सुरुवात डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मने होते. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि उत्तरं इंग्रजीत. मध्येच चहाला उठलात तर वीसेक मिनिटांत पान बंद पडतं, म्हणून भरलेला भाग साठवत जावा आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोटो चष्मा काढून. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात. सासूबाईंचं फेसबुक भाच्याने उघडून दिलेलं असलं तरी.

फॉर्ममधल्या दोन प्रश्नांवर मात्र थांबून विचार करावा. पहिला, अमेरिकेत जवळचं कुणी आहे का आणि त्याचा तिथला दर्जा काय. मुलगी तिकडे आहे म्हटलं तर व्हिसा नाकारतील, म्हणून ‘नाही’ लिहा, असं सांगणारे एजंट अजूनही भेटतात. अशा एजंटाच्या दुकानातून ताबडतोब बाहेर पडावं. व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितली, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. साधा नकार त्यापुढे काहीच नाही.

दुसरा प्रश्न, तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का. जावई सासूसासऱ्यांसाठी असा अर्ज करूच शकत नाही. मुलगी करू शकते, पण ती स्वतः नागरिक झाल्यावर आणि तिला २१ वर्षं पूर्ण असतील तर. नुसत्या ग्रीन कार्डवर आईवडिलांना आणता येत नाही. हा अर्ज आधीच झालेला असेल, तर ‘आम्ही फक्त भेटायला चाललोय’ हे पटवणं बरंच अवघड होतं. म्हणून तिकडे जाऊन राहायचंय की भेटून यायचंय, हे घरात आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं.

फी माणशी १८५ डॉलर. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. भेटी दोन. आधी अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. (जुने लोक ब्रीच कँडीचा पत्ता सांगतात, वकिलात २०११ मध्ये तिथून हलली.) पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं, त्यामुळे आधी तिकिटं काढू नयेत.

मुलाखत उभ्या उभ्या, दोन-चार मिनिटांची. मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगावं. कशासाठी जाताय, किती दिवस, मुलगी काय करते, खर्च कोण करणार, बाकीची मुलं कुठे असतात, असे साधे प्रश्न असतात. सातबारा दाखवायची वेळ क्वचितच येते, पण शेती कोण बघतं, पेन्शन किती, धाकट्याची मुलं कुणाकडे असतात, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. जावयाने व्हिडिओ कॉलवर घोकून घेतलेली उत्तरं चटकन ओळखू येतात. मुलीचं बाळंतपण असेल तर तसं सरळ सांगावं. मात्र लेकीला हातभार लावणं वेगळं आणि ती ऑफिसला जाणार म्हणून सहा महिने बाळ सांभाळायला बोलावणं वेगळं. दुसऱ्यात अधिकाऱ्याला फुकटातल्या नोकरीचा वास येऊ शकतो.

घरोघरी मनाला लागतो तो मुलीच्या भावाला मिळालेला नकार. पत्र एक, जावई एक, तरी आईवडिलांना व्हिसा आणि पंचविशीतल्या, अविवाहित, नोकरी शोधणाऱ्या भावाला नकाराची चिठ्ठी. कलम २१४(बी) च्या नजरेतून पाहिलं तर यात विसंगती नाही: परत यायला त्याच्याकडे अजून फारसं काही नाही. शिवाय अख्खं घर एकदमच निघालं, तर मागे उरलं कोण? माझ्या मते आईवडिलांनी आधी जाऊन यावं, भावाने नोकरीत स्थिरावल्यावर अर्ज करावा. या नकारावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, फी भरून. पण परिस्थिती तीच असेल तर उत्तरही बहुधा तेच येतं. चिठ्ठीवर २२१(जी) असेल तर गोष्ट निराळी: कागद कमी आहे किंवा तपासणी बाकी आहे.

व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि इथे अनेकांचा गैरसमज होतो. तिथे किती दिवस राहायचं हे व्हिसावर ठरत नाही. ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. घरी पोचल्यावर मुलीने ती उघडून बघावी आणि परतीचं तिकीट तिच्याशी ताडून घ्यावं. मुदतवाढ हवी असेल तर अर्ज त्या तारखेच्या आत जायला हवा. तो न करता तारीख उलटून गेली, तर दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो.