आईने दिवे मालवले आणि बिल वाढलं

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या प्लेनोला आलो. ह्यांची नोकरी बदलली होती. निघण्याआधी जेवणाच्या टेबलावर बसून हिशोब मांडला. तेवढ्याच मोठ्या घराचं भाडं महिन्याला ४०० डॉलर कमी, आणि टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. आम्ही खूश! सामान बांधलं, लेकीची समजूत काढली आणि निघालो.

हिशोब चुकला तो पहिल्याच आठवड्यात. एडिसनचं आमचं अपार्टमेंट जुनं होतं, पण हिवाळ्यातली ऊब आणि गरम पाणी भाड्यातच होतं. प्लेनोच्या ऑफिसात मात्र किल्ली देण्याआधी विचारलं, "विजेचा खाते क्रमांक?" वीज ज्याची त्याने घ्यायची. शिवाय पाणी, कचरा आणि कीटकनाशक फवारणी यांचे पैसे भाड्यावर वेगळे. पाण्याला स्वतंत्र मीटरही नव्हतं. सगळ्या इमारतीचं बिल घराच्या आकाराप्रमाणे आणि माणसांप्रमाणे वाटून यायचं. त्यात दुसरी गाडी घ्यावी लागली, तिचा विमा आला. कागदावरचे ४०० डॉलर असे बघता बघता विरघळले.

विजेची गोष्ट तर वेगळीच. टेक्सासच्या मोठ्या भागात १ जानेवारी २००२ पासून वीज विकणारी कंपनी ग्राहकाने निवडायची असते. खांब आणि तारा एका कंपनीच्या, वीज विकणारी दुसरी. आमच्याकडे तारा ऑनकॉरच्या. त्यामुळे वीज गेली तर फोन ऑनकॉरला, बिलाबद्दल भांडायचं तर विक्रेत्याशी. ऑस्टिन, सॅन अँटोनियो किंवा आमच्या जवळचं डेंटन इथे मात्र वीज शहराचीच, निवडीचा प्रश्नच नाही. म्हणून घर बघतानाच विचारावं, इथे वीज कोणाची?

राज्याच्या वीज आयोगाची 'पॉवर टू चूज' नावाची साइट आहे. ह्यांनी त्यावर दर चढत्या क्रमाने लावले आणि पहिला प्लॅन घेतला. युनिटला ७ सेंट! सप्टेंबरमध्ये १३०० युनिट वापरले, बिल आलं १२१ डॉलर. टेक्सासच्या उन्हाच्या मानाने ठीकच.

ऑक्टोबरमध्ये नाशिकहून आई आली, दिवाळीसाठी. आयुष्यभर महावितरणचं बिल भरलेली बाई. "अगं, रिकाम्या खोलीत दिवा कशाला?" असं म्हणत ती घरभर फिरायची. एसी बंद, खिडक्या उघड्या, कपडे बाल्कनीत. महिनाअखेर वापर ८९० युनिटवर आला. आणि बिल? १५१ डॉलर!

आईचा चेहरा उतरला. आपल्यामुळे लेकीचा खर्च वाढला असं तिला वाटलं. मग चष्मा लावून तिने लेकीकडून बिलाची ओळन् ओळ वाचून घेतली. नातीने इंग्रजी वाचायचं आणि आजीने बेरीज करायची. गोम तेव्हा कळली. खरा दर युनिटला १७ सेंट होता. वापर १००० युनिटपर्यंत पोचला तरच १०० डॉलरची सूट. बरोबर १००० युनिट वापरले तर ७० डॉलर, म्हणजे ७ सेंट. तोच आकडा साइटवर झळकत होता. ९०० वापरले तर सूट नाही, बिल १५३.

"आमच्याकडे जास्त वापरलं की दर चढतो," आई म्हणाली. "तुमच्याकडे काटकसरीला दंड?"

कंपनीने काही लपवलं नव्हतं. प्रत्येक प्लॅनबरोबर विजेचं माहितीपत्रक येतं. त्यात ५००, १००० आणि २००० युनिटला सरासरी दर किती पडतो, हे तीन रकान्यांत छापलेलं असतं. आम्ही मधलाच रकाना पाहिला होता. बारा महिने भरपूर वीज लागणाऱ्या मोठ्या घराला तो प्लॅन कदाचित परवडला असता. आम्हाला सरळ १३ सेंटच्या प्लॅनपेक्षा तो वर्षाला साधारण १०० डॉलरने महाग पडणार होता. पण मुदतीआधी मोडण्याचा दंड १५० डॉलर. आईने निकाल दिला, "वर्ष काढा. पुढे एक दिवसही नाही."

तसंच केलं. मुदत संपायच्या शेवटच्या १४ दिवसांत दंडाशिवाय कंपनी बदलता येते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. ती चुकली तर बहुधा महिन्याला बदलणारा, महागडा दर लागू होतो. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. घरच बदललं आणि नवा पत्ता दाखवला, तर मुदत मोडण्याचा दंड घेता येत नाही.

दर स्थिर आहे का, हेही बघा. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फवादळात इथला घाऊक दर युनिटला ९ डॉलरपर्यंत गेला. ज्यांचे प्लॅन घाऊक दराशी बांधलेले होते, त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. त्याच वर्षी राज्याने घरगुती ग्राहकांसाठी असे प्लॅन बंद केले.

नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगते. भाडं विचारू नका, बारा महिन्यांचा सगळा खर्च विचारा. जुन्या गावच्या वीज कंपनीकडून वेळेवर बिल भरल्याचं पत्र घेऊन या. अनामत रक्कम टाळायला अनेकदा त्याचा उपयोग होतो. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या. टेक्सासमध्ये घराची अनामत ३० दिवसांत परत करावी लागते, पण पत्ता लेखी दिलेला असेल तरच. आणि नोकरी जाऊन बिल थकलंच, तर २११ वर फोन करा. मदत कुठे मिळेल ते तिथे सांगतात. त्यात लाज कसली?

लाज हा खरा अडसर आहे. वांगी कुठे स्वस्त मिळाली हे आपण एकमेकांना बिनदिक्कत सांगतो, पण "तुमचं विजेचं बिल किती येतं?" हे विचारायला संकोचतो. आमच्या वरच्याच मजल्यावर एक मराठी कुटुंब चार वर्षं राहत होतं. ऑगस्टमध्येच विचारलं असतं, तर त्यांनी पाच मिनिटांत सगळं समजावलं असतं.

यंदा आमच्या खालच्या घरात पुण्याचं एक नवं जोडपं आलंय. फराळाच्या डब्याबरोबर मी त्यांना आमची वर्षभराची बिलं दिली. लेकीने प्रत्येकावर युनिट मोठ्या अक्षरात लिहिले आहेत. हिशोब आजीने फोनवरून तपासला.