एका काडतुसाची बंदूक

न्यूयॉर्क शहराजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर हे नेमबाजीचे मैदान होते. २६ सप्टेंबर १८७४ रोजी तिथे हजारो लोक जमले होते. सामना आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात होता. दोन्ही संघांत सहा-सहा नेमबाज. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्डांची. प्रत्येक अंतरावर प्रत्येकाला पंधरा गोळ्या. गोळी लक्ष्याच्या मध्यभागी लागली तर चार गुण. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये विंबल्डनला एल्को शील्ड जिंकलेल्या आयरिश नेमबाजांनी अमेरिकेला आव्हान दिले होते आणि न्यूयॉर्कच्या एका हौशी क्लबाने ते स्वीकारले होते. पारडे अर्थातच आयरिश संघाचे जड मानले जात होते.

शेवटची एकच गोळी उरली, तेव्हा आयर्लंडचे ९३१ आणि अमेरिकेचे ९३० गुण झाले होते. ती गोळी कर्नल जॉन बोडाइन यांची होती. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. जखमेवर रुमाल गुंडाळून ते आडवे झाले, नेम धरला आणि चाप ओढला. हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. तेवढे अंतर कापायला त्या काळच्या गोळीला जवळजवळ तीन सेकंद लागत. गोळी मध्यभागी लागली आणि अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा सामना जिंकला. आयर्लंडच्या मिल्नर यांची एक अचूक गोळी त्या दिवशी शेजारच्या, भलत्याच लक्ष्यावर लागली होती. तिचे चार गुण धरले गेले असते तर निकाल उलटा लागला असता.

या सामन्यातली प्रत्येक रायफल एका वेळी एकच गोळी झाडणारी होती. भराभर गोळ्या सुटणाऱ्या रायफली तेव्हाही दुकानात मिळत होत्या. आज तर त्यांचेच राज्य आहे. तरीही लक्ष्यभेदात आणि शिकारीत एका काडतुसाची बंदूक आपणहून निवडणारी माणसे गेली दीडशे वर्षे सतत आढळतात. जुन्याचे वेड एवढ्याने ही निवड समजत नाही. तिची कारणे त्या यंत्रात आहेत, इतिहासात आहेत आणि माणसाच्या स्वभावातही आहेत.

ठोकळा आणि तरफ

आयरिश संघाच्या रायफली डब्लिनच्या रिग्बी यांच्या, ठासणीच्या होत्या: नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी. जॉन रिग्बी स्वतः त्या संघातून खेळत होते. अमेरिकनांच्या रायफली शार्प्स आणि रेमिंग्टन कंपन्यांच्या, मागून काडतूस भरायच्या होत्या.

ख्रिश्चन शार्प्स यांनी १८४८ मध्ये पेटंट घेतलेली रचना समजायला सोपी आहे. चापाभोवतीची तरफ खाली ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा उभ्या खाचेतून खाली सरकतो. उघड्या पडलेल्या भोकात काडतूस हाताने सरकवायचे आणि तरफ वर घ्यायची. ठोकळा वर येऊन नळीचे बूड घट्ट बंद करतो. स्फोटाचा सारा दाब त्या अखंड पोलादावर येतो. रेमिंग्टनमध्ये ठोकळा सरकण्याऐवजी मागे फिरतो. स्वित्झर्लंडच्या मार्टिनी यांनी अमेरिकन पीबडीच्या रचनेत सुधारणा केली, एडिंबराच्या हेन्रींची नळी तिला जोडली गेली आणि १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. सारागढीच्या एकवीस शीख सैनिकांनी १८९७ मध्ये अखेरपर्यंत हीच रायफल चालवली.

क्रीडमूरला अनेक गोळ्यांची रायफल का दिसली नाही, याचे उत्तर काडतुसात आहे. १८७३ च्या विंचेस्टर या अनेक गोळ्यांच्या रायफलीचे गाजलेले काडतूस आखूड होते आणि त्यातली गोळी जेमतेम १३ ग्रॅमची. त्या रायफलीची यंत्ररचना याहून लांब, जोरकस काडतूस पेलू शकत नव्हती. हजार यार्डांच्या नेमबाजीला दुपटीहून अधिक दारू आणि ३५ ग्रॅमच्या आसपासची लांबट शिशाची गोळी लागे. ती ताकद ठोकळ्याच्या एकगोळी रायफलीतच होती.

या रचनेचे गुण आजही तेच आहेत. काडतुसे ठेवायची पेटी नाही आणि मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टला लागणारी जागाही नाही. त्यामुळे नळी तेवढीच ठेवून रायफल सुमारे दहा सेंटिमीटर आखूड होते. काडतूस पेटीतून नळीत चढवायचे नसल्याने गोळीचा आकार कसाही चालतो. ठोकळा खाली असला की नळी रिकामी आहे हे चार हातांवरूनही दिसते; मैदानावर ही फार मोलाची गोष्ट आहे. दोषही आहेत. दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि पुढच्या लाकडाचा दाब नळीवर पडला की नेम हलतो. अडकलेले काडतूस ओढून काढण्याची ताकद बोल्ट रायफलीइतकी नसते.

त्याच वर्षी, गवताळ प्रदेशात

१८७४ मध्येच, क्रीडमूरच्या पश्चिमेला दूरवर, शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली दुसऱ्याच कामाला जुंपल्या होत्या. बायसनच्या कातड्याला कारखान्यांत भाव आला होता आणि रेल्वे गवताळ प्रदेशापर्यंत पोचली होती. कातड्यांचे व्यापारी शिकारी वाऱ्याच्या उलट दिशेने येत, काही शे यार्डांवर बसत, दोन काठ्यांच्या फुलीवर नळी टेकवत आणि कळपाची म्होरकी मादी आधी पाडत. म्होरकी पडली की बाकीचा कळप गोंधळून तिथेच घुटमळे. मग एकेक काडतूस भरत शिकारी तो कळप संपवत. नळ्या इतक्या तापत की त्या पाणी ओतून थंड कराव्या लागत. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद केली, तेव्हा साऱ्या उत्तर अमेरिकेत हजाराच्या आसपास बायसन उरले होते.

एकगोळी रायफलीची स्तुती करणाऱ्याने हे पान उलटून पुढे जाऊ नये. एका वेळी एकच गोळी सुटते, म्हणून शिकारी आपोआप संयमी होतो, हा दावा बायसनच्या हाडांनी खोडून काढला आहे. बंदूक माणसाचा वेग कमी करते. त्याचा हव्यास कमी करणे तिच्या आवाक्यात नसते.

गरज संपली, निवड सुरू झाली

युद्धाने या रायफलीला लवकरच निरोप दिला. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या अमेरिकन घोडदळाकडे एकगोळी कार्बाइन होत्या, तर समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे भराभर झाडता येणाऱ्या रायफली. १८८६ मध्ये फ्रान्सने लेबेल, १८८८ मध्ये ब्रिटनने ली-मेटफर्ड या अनेक गोळ्यांच्या रायफली स्वीकारल्या. सैनिकाच्या हातातून एकगोळी रायफल गेली आणि तिथूनच ती खऱ्या अर्थाने नेमबाजाची झाली.

यूटा प्रांतातल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंग या तरुणाला १८७९ मध्ये त्याचे पहिले पेटंट मिळाले, ते एकगोळी रायफलीचेच. विंचेस्टर कंपनीने १८८३ मध्ये ते विकत घेतले आणि १८८५ चे मॉडेल म्हणून बाजारात आणले. पुढे स्वयंचलित शस्त्रांच्या इतिहासात सर्वांत मोठे ठरलेले नाव या साध्या ठोकळ्यापासून सुरू झाले.

याच काळात जर्मन आणि स्विस स्थलांतरितांनी ‘शुट्झेन’ नेमबाजी अमेरिकेत रुजवली: दोनशे यार्ड अंतर, उभे राहून, आधाराशिवाय. या मंडळींचा सर्वांत नावाजलेला नळी-कारागीर हॅरी पोप. त्याच्या पद्धतीत दारूचे काडतूस मागून भरत. गोळी मात्र नळीच्या तोंडातून, खास बसवलेल्या खोट्या मुखातून खाली ढकलत, म्हणजे तिचे बूड जराही खरवडले जात नसे. १९०१ मध्ये सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोपच्या नळीने, टेकू देऊन, दोनशे यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन गोळ्यांच्या मध्यांतले अंतर होते ०.७२५ इंच, सुमारे १८ मिलिमीटर. रुपयाचे नाणे याहून मोठे असते. हा विक्रम कित्येक दशके टिकला.

आजचे चाहते

महायुद्धांनंतर ही परंपरा विझेल असे वाटत होते. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत बिल रुगर यांनी ‘नंबर वन’ ही नवी ठोकळा-रायफल आणली. तिची प्रेरणा होती स्कॉटलंडच्या जॉन फार्करसन यांची १८७२ ची रचना. आधुनिक, जोरकस काडतुसे पेलणारी ही रायफल चालली.

१९८० च्या दशकात काळ्या दारूच्या जुन्या काडतुसांची स्पर्धा सुरू झाली. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृत्या २०० ते ५०० मीटरवर उभ्या करतात. कोंबडीवर उभे राहून, बिनआधाराने नेम धरायचा. न्यू मेक्सिकोतले रॅटन हे या खेळाचे माहेरघर. मोंटानातल्या फोर्सिथ गावी दरवर्षी जुन्या धाटणीच्या रायफलींचा मोठा मेळावा भरतो. काळ्या दारूची काजळी नळीत घट्ट बसते, म्हणून नेमबाज दोन गोळ्यांच्या मधे नळकांडीतून नळीत फुंकर मारतात. श्वासातल्या ओलाव्याने ती मऊ राहते. वारा, ऊन, काजळी, श्वास या सगळ्यांचा हिशेब मांडल्यावरच पुढची गोळी.

शिकारीतही तिची जागा आहे. आल्प्स पर्वतात शॅमॉय या रानबकरीच्या शिकारीला जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकारी नळी मोडून भरायची हलकी एकगोळी रायफल नेतात. दुर्बिणीशिवाय तिचे वजन अडीच किलोच्या आसपास असते. चढ मोठा, जनावर दूर आणि संधी बहुधा एकच. मिसिसिपी राज्यात आदिम शस्त्रांचा वेगळा हंगाम असतो, त्यात ठासणीच्या बंदुकांबरोबर उघड्या घोड्याच्या एकगोळी रायफलींना परवानगी आहे. विचारी शिकाऱ्याला यातला धोकाही ठाऊक असतो: पहिली गोळी चुकीच्या जागी लागली तर जखमी जनावरावर दुसरी झाडायला उशीर होतो. म्हणून खात्री नसेल तर चाप न ओढणे, हाच या शिकारीचा पहिला नियम.

आपल्याकडे

भारतात रानटी जनावरांची शिकार कायद्याने बंद आहे आणि ती तशीच राहावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात मात्र पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. कोकणातल्या वाड्यांमध्ये अशा परवान्याच्या बंदुका अजून आहेत.

खेळाच्या मैदानावर तर एकगोळी रायफल महाराष्ट्राला चांगलीच लाभली आहे. ५० मीटर रायफलीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गोळी झाडण्यापूर्वी ती हाताने भरावी लागते. पेटी चालत नाही. या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून झाडलेल्या गोळ्यांनंतर कुसाळे सहावे होते, झोपून झाडल्यावर पाचवे आणि सर्वांत अवघड असलेल्या उभ्या अवस्थेत तिसरे. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

बोडाइन आणि कुसाळे यांच्यामध्ये दीडशे वर्षे आहेत. दारू बदलली, नळ्या बदलल्या, लक्ष्ये इलेक्ट्रॉनिक झाली. काडतूस हाताने भरण्याची शिस्त तेवढी कायम आहे. माझ्या मते या बंदुकीचे आकर्षण तिथेच आहे: तिच्यात सगळे काम चाप ओढण्याआधी संपवावे लागते. पाय, खांदा, श्वास, वारा, मन, सगळे. दुसरी गोळी चूक झाकायला लगेच हजर नसते. ही शिस्त यंत्र देऊ शकत नाही, हे बायसननी दाखवले. ती माणसानेच अंगी बाणवावी लागते आणि समाजाने नियमाने राखावी लागते. आपल्या मुलांना नेमबाजी शिकवायची असेल, तर सुरुवात जवळच्या मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि एका वेळी एकाच गोळीने करावी.