विक्रीस निघालेली कोठी

वृत्तपत्रांतील जाहिरातींच्या पानावर अधूनमधून एखादी जाहिरात अशी दिसते : जुनी दुमजली कोठी, भोवती बाग, दोन विहिरी, तबेला, नोकरांच्या खोल्या, विकणे आहे. चार ओळींत ती संपते. वाचणारा जागेचे क्षेत्रफळ पाहतो, हमरस्ता किती जवळ आहे ते पाहतो आणि मनाशी भाव बांधतो. परंतु जे विकावयास निघाले आहे ते नेमके काय आहे, याचा विचार घेणारा फारसा करीत नाही. विकणाऱ्यानेही पुष्कळदा तो केलेला नसतो. श्रोतेहो, आज तोच विचार आपणांस करावयाचा आहे, आणि त्याची साधने इंदूर शहरात जशी एकत्र सापडतात तशी अन्यत्र क्वचितच सापडतील.

थोरामोठ्यांचे घर म्हणजे केवळ राहण्याची इमारत असे पूर्वी कधीच नव्हते. शिवकालीन राज्यव्यवहारात अठरा कारखाने मोजले जात. जामदारखाना, अंबारखाना, मुदपाकखाना, फरासखाना, पीलखाना ही त्यांतील काही नावे अजून आपल्या कानांवर आहेत. सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांत याच व्यवस्थेची लहान आवृत्ती असे. धान्य अंबारात उतरे, तेथून मुदपाकखान्यात जाई. पागेतील घोड्यांना पाणी विहिरीवरच्या मोटेचे, आणि त्याच पाण्याचा पाट पुढे बागेत वळविलेला. शागिर्दपेशाची वस्ती कोठीच्या हाकेच्या अंतरावर, पण दृष्टीआड. यांपैकी एकही इमारत स्वतःसाठी बांधलेली नसे. प्रत्येकीचे प्रयोजन दुसरीत होते.

इंदुरात तर या उपइमारतींनी गावालाच नावे दिली आहेत. हाथीपाला, तोपखाना, पागनीस पागा ही नावे आज वस्त्यांची आहेत. हत्ती गेले, तोफा गेल्या, घोडेही गेले. नावे तेवढी पत्त्यापुरती उरली. नाव उरावे आणि वस्तू जावी हे कालमानाप्रमाणे चालावयाचेच. तथापि ती वस्तू काय होती हे सांगणारे निदान एक तरी ठिकाण गावात शाबूत असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

असे एक ठिकाण म्हणजे खान नदीच्या काठचा लालबाग राजवाडा. त्याच्या बांधकामास १८८६ साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, आरंभ झाला, आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१ मध्ये ते पुरे झाले. त्याची फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर विलायतेत ओतवून आणलेली आहेत, आणि पाहुणे तीच पाहून थक्क होतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट निराळी आहे. या राजवाड्याचे स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर होते आणि तेथून अन्न आणण्यासाठी भुयारी वाट बांधलेली होती. धूर, वास आणि वर्दळ नदीपलीकडे राहावी, ताट मात्र वेळेवर यावे, अशी ही योजना. आता कल्पना करा की राजवाडा एकाला विकला, पलीकडचा काठ दुसऱ्याला. राजवाड्याची एक वीटही ढळली नसती; तरी ती भुयारी वाट निरर्थक झाली असती, आणि तिच्याबरोबर तेथील जीवनक्रमाचे एक पानही फाटले असते. लालबाग सुमारे सत्तर एकरांच्या आवारासह सार्वजनिक मालकीत आला आणि संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला, म्हणूनच ही जोडणी आजही समजावून सांगता येते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे स्थावराची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने होते. त्याच्या आठव्या कलमात ही गोष्ट मोठ्या बारकाईने सांगितली आहे. करारात वेगळे ठरलेले नसेल तर जमिनीबरोबर जमिनीला जडलेले सर्व काही जाते. जडलेले म्हणजे झाडासारखे रुजलेले, भिंतीसारखे पुरलेले, किंवा भिंतीच्या कायम उपयोगासाठी तिला बसविलेले. आणि मिळकत घर असेल तर त्याची कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी दिलेल्या इतर वस्तूही घराबरोबर जातात. किल्ली खिशात मावते, तरी कायदा तिला घराचाच अवयव मानतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उलट खुर्ची, गालिचा, दिवा, चित्र या जंगम वस्तू. त्या मालक वेगळ्या काढू शकतो, वेगळ्या विकू शकतो. बहुतेक घरांच्या बाबतीत हा भेद सोयीचाच आहे. परंतु एखादे घर असे असते की त्यातील खुर्चीही किल्लीइतकीच त्या घराची असते. तेथे हा भेद अपुरा पडतो.

इंदूरचा माणिकबाग राजवाडा हे याचे ठळक उदाहरण होय. यशवंतराव होळकर दुसरे यांनी तो १९३० ते १९३३ या काळात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून सिद्ध करविला. वास्तुशिल्पज्ञ सव्विशीचा, महाराज त्याहूनही लहान. या मुथेसियसचे वडील हेर्मान हे १८९६ ते १९०३ या काळात लंडनच्या जर्मन वकिलातीत होते, आणि त्यांनी इंग्लंडमधील घरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात दिवाणखान्याइतकेच लक्ष स्वयंपाकघर, कोठार आणि नोकरांच्या खोल्या यांच्याकडे दिलेले आहे. घर हे आतून बाहेरून एकच वस्तू आहे, हा विचार मुलाला वारशानेच मिळाला होता म्हणावयाचे. माणिकबागेत त्याने भिंतींबरोबर दिवे योजले, दारांच्या मुठी योजल्या, वाचनासाठी पाठीतच दिवे बसविलेल्या लाल खुर्च्या योजल्या. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए अशा नामवंतांचे सामान निवडून आणले. दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे आणि प्युइफोर्काची चांदीची भांडी आली. हिंदुस्थानातील अगदी पहिल्या वातानुकूलित घरांत त्याची गणना होते. मालव्याच्या काळ्या मातीवर त्या काळच्या युरोपातील अद्ययावत घर उभे राहिले, आणि ते एका मराठी राजघराण्याचे होते.

पुढे संस्थाने विलीन झाली, १९६१ मध्ये यशवंतराव निवर्तले आणि १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. इमारत सरकारकडे गेली. केंद्रीय कर खात्याचे कार्यालय तेथे आले. आणि सामान? मे १९८० मध्ये ते मोनाको येथे सॉदबीज या लिलाव करणाऱ्या कंपनीने लिलावात काढले. यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकुशीकडून ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या होत्या आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधण्याचा संकल्प केला होता. ब्रांकुशी त्यासाठी इंदुरास येऊनही गेला. मंदिर झाले नाही. काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे आहेत, कांस्याचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेना येथे. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयाने या महाराजांवर मोठे प्रदर्शन भरविले तेव्हा माणिकबागेच्या अंतर्भागाची कल्पना लोकांना तेथे आली. इंदूरकराला ती यावयाची तर भिंती गावात आणि खुर्च्या समुद्रापार, अशी अवस्था.

यात कोणी कायदा मोडला असे समजण्याचे कारण नाही. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठवू देत नाही. हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. माणिकबागेचे सामान त्या वेळी पन्नाशीचेही नव्हते. शंभरीच्या आतील वस्तूस ‘कलानिधी’ म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे, पण कर्ता हयात असेपर्यंत तसे करता येत नाही. आणि मुथेसियस १९८९ पर्यंत हयात होता. तात्पर्य, जुने म्हणून जपावे एवढे ते जुने नव्हते, आणि वापरावे एवढे ते कुणाला नवे वाटत नव्हते. वस्तूच्या आयुष्यातला हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. आज आपल्या वाड्यांतील आणि बंगल्यांतील कितीतरी वस्तू याच वयाच्या आहेत.

ही आपत्ती केवळ आपल्यावरच आली असेही नाही. इंग्लंडमध्ये मेंटमोर नावाचा रॉथ्सचाइल्ड घराण्याचा प्रासाद, आतील सर्व वस्तूंसह, सुमारे वीस लाख पौंडांस सरकारला देऊ केला होता. सरकारने तो नाकारला. १९७७ मध्ये एकट्या वस्तूंचाच लिलाव साठ लाखांवर गेला, आणि घर मोकळे उरले. त्यावर तेथे मोठा गहजब झाला, आणि १९८० मध्ये राष्ट्रीय वारसा निधी स्थापन झाला. त्याआधी १९३७ पासूनच तेथील नॅशनल ट्रस्टने एक योजना चालविली होती : मालकाने घर, जमीन, आतील वस्तू आणि देखभालीपुरते उत्पन्न एकत्र सोपवावे, आणि घराण्याने तेथेच राहावे. यातील मर्म ‘एकत्र’ या शब्दात आहे. उत्पन्नावाचून दिलेले घर ही देणगी नसून घेणाऱ्यावर टाकलेला बोजा ठरतो.

मग आपल्याकडील मालकाने करावे काय? विकूच नये, असा उपदेश सोपा आहे आणि निरुपयोगीही आहे. वारस दहा, छप्पर गळके, कौले चढविणारा कारागीर मिळत नाही, आणि जमिनीचा भाव घराच्या भावाच्या कितीतरी पट. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या आवारांच्या मालकांना एके काळी असेच घाईस लावले होते. तो कायदा १९९९ मध्ये केंद्राने रद्द केला, पण घाई मात्र राहिली. तेव्हा विक्री होणारच असे धरून चालणे शहाणपणाचे आहे.

वाचलेल्या वास्तूंकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते. ज्यांना नवे काम लवकर मिळाले त्या टिकल्या. पुण्याचा विश्रामबागवाडा पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये पाठशाळेच्या कामी आला, आणि पुढे आगीतूनही त्याचा मोठा भाग बचावला. महेश्वरच्या किल्ल्यातील होळकरांच्या निवासाचे २००० साली अतिथिगृह झाले. उपइमारतींना तेथे खोल्या म्हणून काम मिळाले आणि गावातल्या हातांनाही. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबारास नगररचनेचा अहवाल दिला. जुन्या वस्तीत सरसकट पाडापाड न करता अडेल तेवढेच काढावे, बाकीचे दुरुस्त करावे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. शहराला ते जसे लागू, तसे कोठीच्या आवारालाही लागू आहे. तबेल्याची वाचनशाळा होऊ शकते, अंबाराचा दवाखाना होऊ शकतो. पण ते उभे असतील तर.

आणि ज्याला विकणे भागच आहे त्याने खरेदीखतावर सही करण्यापूर्वी निदान एक काम करावे. घराची यादी करावी. जुन्या दफ्तरांत जशी झडतीची यादी असे तशी : इमारत कोणती, कोणी बांधली, कशासाठी; पाणी कोठून येई, कोठे जाई; कोणती वस्तू कोणत्या दालनात कशासमोर असे. नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, घरातील वृद्धांस विचारून नावे लिहून ठेवावीत. जे एकत्र राहावे असे वाटते ते करारात तसे नमूद करावे, कारण कायदा कराराचे ऐकतो. कागदपत्रे आणि हस्तलिखिते रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयास किंवा इतिहास संशोधन संस्थेस द्यावीत. याला खर्च थोडा आणि वेळ आठवड्याभराचा लागतो. माणिकबाग आज पुनः समजून घेता येते ती पुष्कळ अंशी तिची रेखाचित्रे आणि छायाचित्रे राहिली म्हणून. ज्या घराची यादी नाही त्याच्या वस्तू उद्या कोणी परत आणून दिल्या, तरी त्या कोठे ठेवावयाच्या हे सांगणारे कोणी उरणार नाही.