बर्फाआधी वारा बघा
तुम्ही बफेलोच्या आसपास राहत असाल, तर नोव्हेंबरच्या अंदाजात ‘किती इंच’ याआधी ‘वारा कुठून’ ते बघा. ईरी सरोवराचं पाणी तेव्हा अजून उबदार असतं. पश्चिमेचा गार वारा सरोवराच्या लांबीवरून आला की ऊब आणि वाफ उचलतो, अन् अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. 2014च्या नोव्हेंबरात शहराच्या पूर्वेला 5 फुटांहून जास्त बर्फ पडला. काही मैल उत्तरेला जेमतेम काही इंच! (आपल्याकडचा वळीव आठवतोय ना?) वारा किंचित वळला की पट्टाही सरकतो, म्हणून सकाळी वाचलेला अंदाज संध्याकाळी पुन्हा वाचा. त्या वेळी महामार्गावर लोक चोवीस तासांहून जास्त अडकले होते. गाडी अडकलीच, तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो.